बाजरीतलं लोह भाकरीपर्यंत कसं पोहोचवायचं

साध्या बाजरीला कितीही खत घातलं तरी तिच्या दाण्यातलं लोह फारसं वाढत नाही. ते वाणातूनच यावं लागतं, म्हणून सुरुवात बियाण्यापासून करावी. महाराष्ट्रात यासाठी 'धनशक्ती' हा वाण आहे. 'आयसीटीपी 8203' या जुन्या वाणातून जास्त लोहाची झाडं निवडून तो तयार केला गेला आणि 2012 मध्ये राज्यात आला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त असतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'एएचबी 1200' आणि 'एएचबी 1269' हे संकरित वाण उत्पादनाला सरस आहेत, लोहही भरपूर देतात. पण त्यांचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. घरच्या खाण्यासाठी एक-दोन एकर पेरायचं असेल तर आमचा कल धनशक्तीकडे आहे. तो संकरित नाही, सुधारित वाण आहे, त्यामुळे बी घरचं ठेवता येतं आणि सुमारे 75 दिवसांत काढणीला येतो.

घरचं बी ठेवताना एक गोष्ट हमखास बिघडते. बाजरीत परपरागीभवन होतं. शेजारच्या शेतात साधी बाजरी फुलोऱ्यात असेल तर तिचे परागकण तुमच्या कणसांवर पडतात आणि पुढच्या वर्षीच्या पिकात लोह कमी होतं. कणीस पाहून हे ओळखू येत नाही. बियाण्याचा तुकडा दुसऱ्या बाजरीपासून किमान 200 मीटर लांब ठेवा. कणसं शेताच्या मधल्या भागातली निवडा. पाच-पन्नास मोठी कणसं वेचून भागत नाही, कारण अशा निवडीने वाणातली विविधता घटते आणि जोम जातो. निरोगी झाडांची काही शे कणसं घेऊन त्यांचं बी एकत्र करा. दोन-तीन वर्षांनी नवं प्रमाणित बी आणा.

पेरणी 15 जून ते 15 जुलै, चांगल्या वाफशावर. एकरी दीड किलो बी पुरतं. आधी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता. तरंगणारं हलकं बी आणि अरगट या बुरशीजन्य रोगाच्या गाठी काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मग गोसावी (केवडा) रोगासाठी किलोला 6 ग्रॅम मेटॅलॅक्झिल 35 एसडी हे बुरशीनाशक चोळा. अशा बियाण्यातलं उरलेलं कोंबड्यांनाही घालू नका. ओळींत 45 सेंटिमीटर, झाडांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि बी 2 ते 3 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. विरळणी दहाव्या आणि विसाव्या दिवसाच्या सुमारास करा.

जस्ताचं गणित मात्र वेगळं आहे. ते खताला प्रतिसाद देतं. माती परीक्षणात जस्त 0.6 पीपीएमच्या (किलोभर मातीत 0.6 मिलिग्रॅमच्या) खाली आलं तर एकरी 8 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका. स्फुरदाशी संयोग होऊन जस्त अविद्राव्य होतं आणि दोन्हींचे पैसे वाया जातात. दाण्यात जस्त वाढवायचं तर दाण्यात दुधाळ चीक भरत असताना फवारणी करा: 200 लिटर पाण्याला 1 किलो झिंक सल्फेट आणि अर्धा किलो चुन्याची गाळलेली निवळी. चुना वगळला तर पानं करपतात. फवारा संध्याकाळी घ्या; फुलोरा चालू असताना घेऊ नका, परागकण धुऊन जातात. चुनखडीच्या जमिनीत वरची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकण्यात अर्थ नाही, ते लगेच अडकून बसतं. त्याचीच अर्ध्या टक्क्याची फवारणी करा. तिने पीक सुधारेल. दाण्यातलं लोह मात्र त्यामुळे विशेष वाढणार नाही.

दाणे प्रयोगशाळेत तपासायला देताना खळ्यावरचं धान्य देऊ नका. मातीत लोह दाण्याच्या शेकडो पट असतं. चिमूटभर धूळही आकडा फुगवते. शेतभरातून 20-30 कणसं कापा, स्वच्छ हातांनी चोळा आणि दाणे कागदी पाकिटात भरा.

शेतात कमावलेलं बरंचसं लोह स्वयंपाकघरात गमावलं जातं. खिचडीसाठी बाजरी ओलवून कांडली की कोंड्याबरोबर खनिजंही जातात, म्हणून लोहासाठी भाकरीच बरी, आणि पीठ न चाळता वापरा. बाजरीत तेल जास्त असल्याने पीठ लवकर कडवट होतं. आठवड्यापुरतंच दळा, नाहीतर मुलं भाकरी बाजूला सारतील. दाण्यातलं फायटिक आम्ल लोह अडवून धरतं. जेवणात लिंबू, पेरू, आवळा किंवा हिरव्या मिरचीचा ताजा ठेचा असला की त्यातलं क जीवनसत्त्व ते बरंच सोडवतं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तासभर थांबा.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलांना रोज दोन वेळा लोहयुक्त बाजरीची भाकरी दिली गेली. ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यात सहा महिन्यांत ही कमतरता दूर होण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटापेक्षा 1.64 पट निघाली. म्हणजे परिणाम दिसायला महिने लागतात, आणि तोही रोज खाल्लं तर. हिमोग्लोबिन फार उतरलेल्या मुलीला किंवा गरोदर बाईला एवढी वाट पाहायला लावू नका. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवा आणि भाकरी त्यांच्या जोडीला द्या.