वर्षभराच्या चटणीला मिरची कुठली घ्यायची?

विट्यात आमचा मसाल्याचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कांडायची गिरणी आहे. मार्च उजाडला की बायका पिशव्या घेऊन नंबर लावतात. पिशवीतली मिरची बघितली की मला कळतं, यंदा यांच्या रश्श्याला तर्री येणार की नुसताच ठसका.

एकाच मिरचीनं रंगही द्यावा आणि जाळही, ही आशा सोडा. रंगाला ब्याडगी. ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याची. साल सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला बेताची. गुळगुळीत मिरची कुणी ब्याडगी म्हणून पुढं केली तर सरळ पुढच्या दुकानात जा. तिच्यातही डबी आखूड, फुगीर आणि रंगाला सरस. कड्डी बारीक आणि जरा तिखट. जाळाला लवंगी किंवा गुंटूर. संकेश्वरी रंगाची आणि जाळाची या दोन्हींच्या मधली, लांब आणि बारीक. माझं विचाराल तर कांदा-लसूण चटणीची चव तिच्यातच आहे. महाग पडते, पण तिथं हात आखडू नका. काहीजण स्वस्त म्हणून सगळी गुंटूरच आणतात. मग रस्सा तोंड भाजतो आणि दिसतो फिका.

दोन किलो मिरचीला माझं माप असं: एक किलो ब्याडगी, पाऊण किलो संकेश्वरी, पाव किलो लवंगी. घरात बारकी पोरं असतील तर लवंगी गाळा, तेवढी ब्याडगी वाढवा.

“मावशी, बिया काढल्या की तिखट उतरतं ना?” असं दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. फारसं नाही. खरं तिखट असतं बिया चिकटलेल्या आतल्या पांढऱ्या शिरेत.

घेताना एक मिरची मोडून बघा. कडकन मोडली तर वाळलेली. चामड्यासारखी वाकली तर ओल आहे, म्हणजे वजनात पाण्याचे पैसे. आत काळी-पांढरी बुरशी दिसली तर ते पोतंच नको. पांढरे डाग पडलेल्या मिरच्या रंग मारतात.

हिरवीचं थोडक्यात: खरड्याला बारीक, गडद हिरवी, भज्याला जाड, पोपटी.

आणि देठ घरीच खुडा, मिरचीला दोन दिवस कडक ऊन द्या, मगच डंकावर आणा. खोबरं, तीळ, कांदा वेगळा भाजून वेगळ्या डब्यात. गरम मसाला मिरचीवर ओतून आणलात तर मी परत पाठवते.