काढणीआधी टोपल्यांना घडीच्या कड्या: कडी पडते कुठे, ते आधी ठरवा

काढणी तीन-चार आठवड्यांवर आली की आपण कात्र्यांना धार लावतो, ताडपत्री वाळवून ठेवतो, वजनकाटा तपासतो. टोपल्या आणि क्रेट मात्र पहिल्या तोडीच्या सकाळीच अडगळीतून बाहेर निघतात. मग कुणी काठाला धरून, कुणी कमरेवर टेकवून, कुणी दोघांत धरून भरलेलं टोपलं बांधापर्यंत आणतं. काठ बोटांत रुततो, एक बाजू झुकते, वरचा माल घरंगळतो. टोपल्यांना घडीच्या कड्या, म्हणजे उचलताना उभ्या राहणाऱ्या आणि एरवी खाली पडणाऱ्या मुठी, बसवायच्या असतील तर ते काम आत्ताच हाती घ्या. तार, दोरी, नळीचे जुने तुकडे, पक्कड आणि कानस एवढ्यावर ते भागतं.

कडी म्हटलं की सगळे एकच विचारतात, किती वजन पेलेल? प्रश्न बरोबर आहे, पण पहिला नाही. तोडणीच्या दिवसात कडी उभी असते ती फक्त टोपलं नेताना. भरताना, थप्पी रचताना, गाडीत आणि रिकामी टोपली एकात एक घालताना ती पडलेलीच असते. त्यामुळे ती पडून कुठे बसणार हे आधी ठरवावं आणि मग तिचा आकार काढावा.

पडायला जागा तीनच: टोपल्याच्या आत, काठावर किंवा काठाबाहेर. आत पडणारी कडी मालावर आपटते, मातीचिकाने माखते आणि भरणाऱ्याच्या हाताला सतत आडवी येते. मऊ फळाला तिचा एक फटका पुरतो, आणि तो डाग त्या दिवशी दिसतही नाही, दोन दिवसांनी दिसतो. आत वळणाऱ्या कड्या शोभतात त्या एकाच ठिकाणी. काही कारखानी क्रेटना पोलादी कड्या असतात, त्या आत वळवल्या की वरचा क्रेट त्यांच्यावर टेकतो आणि बाहेर वळवल्या की रिकामे क्रेट एकात एक जातात. तिथे कडी म्हणजे वरच्या क्रेटचा आधार असतो. घरी बनवायची कडी काठावर किंवा काठाबाहेरच पडली पाहिजे.

गोल टोपल्याला हे साधणं सोपं. बादलीच्या कडीकडे बघा, अर्धगोल काठापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून ती बाहेर पडते. काठाशी ४० सेंमी रुंद टोपलं असेल तर २१ सेंमी त्रिज्येचा अर्धगोल घ्या. त्याला ६६ सेंमी तार लागते. दोन्ही टोकांच्या डोळ्यांसाठी, म्हणजे कडी टोपल्याला अडकवायच्या वेढ्यांसाठी, प्रत्येकी ८ सेंमी धरा, म्हणजे एका कडीला ८२ सेंमी. डोळे काठाखाली ३ सेंमीवर बसवले तर कडीचा माथा काठाच्या वर १८ सेंमी येतो. माल काठावर १० सेंमीपर्यंत चढवून भरला तरी हात शिरायला ८ सेंमी उरतात. ५ सेंमीपेक्षा कमी उरू देऊ नका, नाहीतर बोटांच्या पेरांनी वरचा थर दाबला जातो.

आयताकृती क्रेटला एकच मोठी कडी लावायची हौस असेल तर आधी पट्टी घेऊन मोजा. ६० बाय ४० सेंमीच्या क्रेटला लांब बाजूंच्या मध्यावर डोळे ठेवले, तर कडीला ३० सेंमी लांबवरचा काठ ओलांडून पडावं लागतं, म्हणजे ती ३० सेंमीहून उंच हवी. हात खाली सोडल्यावर मुठीपासून जमीन साधारण ७० सेंमीवर असते. ३० सेंमी क्रेट, ३० सेंमी कडी, खाली उरले जेमतेम १० सेंमी. सरी-वरंब्यात क्रेटचं बूड प्रत्येक वरंब्याला घासणार. डोळे आखूड बाजूंच्या मध्यावर घेतले तर २२ सेंमी उंची पुरते, पण मग तारेला ६० सेंमीचा पल्ला गाठावा लागतो आणि ती मध्ये वाकते. म्हणून क्रेटला मोठी कडी नकोच. दोन आखूड बाजूंना दोन दोरीचे कान लावा.

घडीची सगळ्यात स्वस्त मूठ म्हणजे दोरीचा कान. तिला बिजागरी लागत नाही, सोडली की ती आपोआप बाहेरच्या भिंतीला लोंबते. ८ ते १० मिमी जाडीची दोरी घ्या, मुठीला १२ सेंमी नळीचा तुकडा. दोरीचे दोन पाय एकमेकांना समांतर राहतील अशा बेताने भोकं १२ सेंमीच्याच अंतरावर निवडा. हा बारकावा पुष्कळ जण सोडतात. पाय तिरके झाले की दोरीवरचा ताण वाढतो आणि ती भिंतीला आत खेचते. समजा, एका कानावर १० किलो भार आहे. पाय उभे असतील तर प्रत्येकावर ५ किलो येतात. ते आडव्या रेषेशी ४५ अंशांत कलले तर ७ किलो, आणि ३० अंशांवर आले तर प्रत्येक पायावर पुरे १० किलो. दोरी एकवेळ टिकते, भोकाची कड फाटते.

गाठ क्रेटच्या आत ठेवू नका, ती फळांना घासते. दोरी वरच्या खाचेतून आत घ्या, तीन-चार सेंमी खालच्या खाचेतून पुन्हा बाहेर काढा आणि तिथे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारा. मग भार गाठीबरोबरच मधल्या आडव्या पट्टीवरही बसतो. गाठीपाशी दोरीची ताकद बरीच घटते, निम्म्यापर्यंतसुद्धा, म्हणून दोरी बारीक घेऊन बचत करण्यात अर्थ नाही. प्लॅस्टिकची पॉलिप्रॉपिलीन दोरी पाणी पीत नाही आणि लवकर वाळते, पण उन्हात तिचा भुसा होतो. चुरगळल्यावर हाताला पांढरी पूड लागली की ती दोरी बाद. ताग आणि सुताची दोरी हाताला गोड लागते पण ओली राहून कुजते. नायलॉन चिवट असलं तरी भाराखाली लांबतं. मी पॉलिप्रॉपिलीनच वापरतो आणि दर हंगामाला बदलतो. टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या, नाहीतर ती गाठ हळूहळू सुटते.

आता पुन्हा गोल टोपलं आणि तारेची कडी. १२ किलोपर्यंत मालाला ६ मिमीची साधी लोखंडी सळई चालते. ५ मिमीची कडक ओढीव तारही चालून जाईल, मऊ तार वाकेल. तारेची वाकण्याला टक्कर देण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. म्हणून ५ वरून ६ मिमीवर गेलं की वजन दीडपटीच्या आत राहतं आणि ताकद पावणेदोनपटीच्या जवळ जाते.

मात्र ही ६ मिमीची कडी काठाच्या जिवावर उभी असते. मध्ये धरून उचललं की तिचे दोन्ही पाय आत यायला बघतात आणि काठ त्यांना अडवतो. अर्धगोल कडीत हा आत दाबणारा जोर एकूण वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा असतो. १२ किलोला दोन्ही बाजूंनी सुमारे ४ किलो. काठ लेचापेचा असेल तर टोपलं लंबगोल होतं, कडी चिमटते, मग पडताना काठाबाहेर न जाता आत पडते, आणि आपण जे टाळायला निघालो तेच होतं. सैल काठाच्या टोपल्याला आधी काठावरून तारेचं एक गोल कडं बांधून घ्या, कडी त्यानंतर.

बांबूच्या टोपल्याला भोक पाडू नये. डोळा काठाच्या वळशाखालून, दोन उभ्या कामट्या धरून, दोन-तीन आडव्या ओळींच्या खाली बांधावा. एकाच कामटीवर भार दिला की ती उपसून येते. प्लॅस्टिकच्या टोपल्यात भोक पाडायचं तर मागे लाकडाचा ठोकळा धरून गिरमिटाने पाडा, तारेपेक्षा १ मिमी मोठं, काठापासून निदान अडीच सेंमी खाली. तापवलेल्या खिळ्याने काम लवकर होतं हे खरं, पण भोकाभोवती ठिसूळ कडा उरते आणि चीर तिथूनच सुरू होते. दोन्ही अंगांना मोठा वॉशर द्या. उन्हात जुनं झालेलं प्लॅस्टिक आधी अंगठ्याने दाबून पाहा. पांढऱ्या रेघा उमटल्या तर त्या टोपल्यावर मेहनत वाया घालवू नका.

डोळा फुगीर झाला की दुसरी अडचण येते. रिकामी टोपली एकात एक नीट बसत नाहीत. भिंत दर ५ सेंमी उंचीला १ सेंमी बाहेर कलत असेल, तर १ सेंमीचा उंचवटा वरच्या टोपल्याला तब्बल ५ सेंमी वर अडकवून ठेवतो. वीस टोपल्यांच्या थप्पीत याचं किती होतं ते बघा. जवळपास मीटरभर उंची वाढते. म्हणून आतल्या बाजूला चपट्या डोक्याचा बोल्ट, आणि डोळा काठाजवळ, जितका मजबुतीला चालेल तितका. मजबुती डोळ्याला खाली ओढते, थप्पी वर ओढते. ३ सेंमी हा मी काढलेला मधला मार्ग आहे, तुमच्या टोपल्याला तो अडीच किंवा ४ असू शकेल.

भरलेली टोपली गाडीत खेटून ठेवतानाही पडलेली कडी जागा खाते. ६ मिमीची तार दोन्ही बाजूंना धरली तर दहा टोपल्यांच्या ओळीत १२ सेंमी जातात. यावर साधी शिस्त आहे, सगळ्या कड्या एकाच दिशेला पाडायच्या.

मुठीवर कंजुषी करू नये. उघडी ६ मिमी तार बोटांना कापते, आणि मजूर काही न बोलता टोपलं पुन्हा काठाला धरून उचलू लागतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात चांगल्या मुठीचं माप दिलेलं आहे: जाडी १.९ ते ३.८ सेंमी, लांबी किमान ११.५ सेंमी, बोटांसाठी ५ सेंमी मोकळी जागा, पृष्ठभाग गुळगुळीत पण न निसटणारा. ठिबकच्या १६ मिमी नळीचा तुकडा एकटा कमी पडतो. त्यावर २० मिमीचा तुकडा चढवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, ओल्या हातातूनही निसटत नाही. पोकळ बांबूचं अडीच-तीन सेंमी जाडीचं कांडंही उत्तम. आतली गाठ तापवलेल्या सळईने फोडून घ्यायची आणि कडा कानशीने मोडायच्या.

मूठ आधी तारेत ओवा, दुसऱ्या टोकाचा डोळा त्यानंतर वळवा. मी एकदा चौदा कड्या दोन्ही बाजूंनी वळवून मोकळा झालो आणि मग नळीचे तुकडे हातात घेऊन बसलो होतो. शेवटी नळ्या उभ्या चिरून बसवाव्या लागल्या. तशी वेळ आलीच तर चीर वरच्या अंगाला ठेवा, कारण भार बोटांवर खालच्या अंगाने येतो आणि चिरेत कातडी चिमटते.

तार थंडच वळवा, वळणाची आतली त्रिज्या निदान तारेच्या जाडीइतकी राहू द्या, आणि एकदा वळवलेली जागा सरळ करून पुन्हा वळवू नका. टोक दीड वेढा घेऊन बाहेरच्या बाजूला न येईल असं दडवा आणि कानशीने बोथट करा. जस्ताचा मुलामा असलेली तार लवकर गंजत नाही म्हणून चांगली, पण तिला वेल्डिंग करू नका. जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो.

एका हाताने उचलायच्या कडीला माझी मर्यादा १० ते १२ किलो. त्यापुढे दोन कान आणि दोन हात. निऑशच्याच सूत्रात सगळं मनासारखं असताना, म्हणजे ओझं अंगाजवळ, दोन्ही हातांनी, कंबर न पिळता, २३ किलो ही वरची हद्द आहे आणि अडचणीप्रमाणे ती खाली येत जाते. उन्हात, ढेकळांतून, दिवसभर वाकून चाललेल्या कामात मनासारखं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. कडी चांगली झाली की टोपलं जास्त भरण्याचा मोह होतो, त्यावरही लक्ष ठेवा.

सगळ्या टोपल्यांना एकदम हात घालू नका. एकच बनवा. नेहमीच्या दीडपट वजनाची माती भरून (१२ किलोला १८) कडीला धरून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी भोकं लांबट झालीत का, काठ चेपलाय का, गाठ सरकली का ते बघा. मग कडी शंभर वेळा पाडा आणि उभी करा. दहाव्या वेळेला बाहेर पडणारी कडी साठाव्या वेळेला आत पडू लागते, ते इथेच कळतं. त्यानंतर ते टोपलं तुमच्यातल्या सगळ्यात ठेंगण्या माणसाच्या हाती दिवसभर द्या. त्याच्या टोपल्याचं बूड जमिनीला घासलं तर कडी तेवढी आखूड करायची, पण काठाबाहेर पडण्याइतकी मोठी ठेवूनच. दोन्ही जमत नसेल तर त्या टोपल्यालाही दोरीचे कानच बरे.

तोडणी सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी टोपली धुताना डोळ्यांत अडकलेला चिखल काढा, चिखल साचलेली कडी अर्ध्यातच अडून राहते. नळीत पाणी तुंबत असेल तर टोकांजवळ खालून एक बारीक भोक ठेवा. शेवटची तोड झाली की दोरीचे कान काढून सावलीत टांगा, तारेच्या डोळ्यांना तेलाचं बोट लावा आणि कड्या बाहेर पाडूनच थप्पी लावा.