जुना ट्रॅव्हल ट्रेलर बघायला निघताना

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. जुना विकत घ्यायचा असेल तर बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करा आणि दोन गोष्टी आवर्जून सांगा. ट्रेलर सपाट जागी उभा करून फ्रिज आज रात्रीच चालू करून ठेवा, आणि पाण्याची टाकी थोडी भरून ठेवा. गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणारा फ्रिज गार व्हायला सात-आठ तास सहज घेतो. तुम्ही पोचल्यावर बटण दाबलं तर निघेपर्यंत काहीच कळणार नाही. पाण्याबद्दल "थंडीसाठी सगळं काढून टाकलंय" असं उत्तर आलं, तर थोडं थांबा. इथे अमेरिकेत मिशिगन, ओहायोकडे ऑक्टोबर उजाडला की लोक नळांतलं पाणी काढून त्यात गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरतात. ते बरोबरच आहे, पण अशा ट्रेलरचे पाइप, पंप, गीझर यांतलं काहीच तपासता येत नाही. मी एप्रिलपर्यंत थांबेन. थांबणं शक्य नसेल तर प्लंबिंग बिघडलेलंच आहे असं धरून किंमत बोला.

पिशवीत टॉर्च, मल्टीमीटर, हवेचं प्रेशर गेज, स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी, खाली आडवं पडायला जुनी चादर आणि ओल मोजायचं मीटर घ्या. हे मीटर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि सगळ्यात जास्त कामाला येतं. ट्रेलर संपतो तो पाण्याने. बाकीचे बिघाड पैसे टाकून दुरुस्त होतात, पण आतून कुजलेली लाकडी चौकट दुरुस्त करायची म्हणजे भिंतीच उघडायच्या.

आमचा पहिला ट्रेलर आतून चकाचक होता. नवे पडदे, भिंतीला नवा कागद, सुगंधी मेणबत्ती. घरी आणल्यावर बायकोने पुढच्या पलंगाखालच्या कपाटात हात घातला आणि म्हणाली, "अहो, हे बघा जरा." कोपऱ्यातल्या प्लायवूडचा पदर तिच्या नखाने निघून आला होता, खालचं लाकूड काळं आणि भुसभुशीत. मेणबत्ती कशासाठी होती ते तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, आत शिरल्यावर आधी दारं-खिडक्या बंद करून वास घ्या. कुबट वास लपवायला काही लावलं असेल तर तेही कळतं. मग चारही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतातल्या झडपांच्या कडा आणि प्रत्येक कपाटाची मागची बाजू मीटरने आणि हाताने तपासा. जमिनीवर टाच दाबत चाला. दारापाशी, संडासाभोवती आणि स्लाइड-आउटच्या (ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यांत जमीन दबते का, तिकडे खास लक्ष द्या. बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीकडे तिरप्या नजरेने पाहा. फुगवटे किंवा लाटा दिसल्या तर आतला थर सुटलाय, त्याला डिलॅमिनेशन म्हणतात. अशा ट्रेलरपासून मी सरळ मागे फिरतो, किंमत कितीही पाडली तरी.

छतावर चढल्याशिवाय सौदा करू नका. छत वजन पेलेल का ते आधी विचारा, नाहीतर शिडीवरूनच बघा. रबरी छत असो की टीपीओचं (एक प्रकारचं प्लास्टिक), पाणी शिरतं ते सांध्यांतून. एसी, झडपा, अँटेना यांच्याभोवतीच्या सीलंटला चिरा पडल्यात का, कडा उचलल्यात का बघा. एकाच जागी जुन्यावर नवे असे दोन-तीन थर दिसले, तर तिथे गळती होऊन गेलीय. आतून नेमकी तीच जागा पुन्हा चाचपा.

आता चादर टाकून खाली जा. टायरवर नक्षी भरपूर दिसेल, तिच्यावर जाऊ नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात आणि उभ्याउभ्या म्हातारे होतात. कडेवर DOT या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर चारही नवे टायर हिशेबात धरा. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर अॅक्सल वाकला असेल किंवा पाटे सैल असतील. पाट्यांच्या टोकांची भोकं लांबट झालीत का, नायलॉनची बुशिंग शिल्लक आहेत का बघा. चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर ऐकू आली, किंवा वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुगडुगलं, तर बेअरिंगचं काम निघालं. बेअरिंग उघडून ग्रीस कधी भरलं ते विचारा, ते साधारण वर्षाला किंवा १२,००० मैलांना करायचं असतं. ब्रेकसाठी हिचजवळच्या (ट्रेलर गाडीला जोडायच्या जागेजवळच्या) बारीक तारेची पिन ओढा आणि गाडीने ट्रेलर हळूच पुढे ओढून पाहा. चाकं जाम व्हायला हवीत. झाली नाहीत तर बॅटरी मेलीय किंवा ब्रेकची वायरिंग तुटलीय. पिन लगेच परत लावा, बाहेर राहिली तर बॅटरी संपते.

पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. थोड्या वेळात तो गप्प व्हायला हवा. नळ बंद असूनही मधूनमधून धडधडत राहिला, तर कुठेतरी पाणी झिरपतंय. सिंकखाली आणि गीझरच्या मागे टॉर्च मारा. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा, आणि गॅस डिटेक्टरच्या मागची तारीखही. फ्रिजची बाहेरची जाळी काढा. पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास म्हणजे कूलिंग युनिट गेलं, आणि ते महागडं काम आहे. फर्नेस, म्हणजे आत ऊब देणारी गॅसची भट्टी, पेटवून दहा मिनिटं चालू द्या. त्याच्या नळीत गांधीलमाश्या मातीची घरं करतात. एसी, दिवे, स्लाइड-आउट पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत, मैलापाण्याच्या टाकीची झडप, सगळं तुमच्यासमोर चालवून घ्या. वीज जोडण्याआधी आणि नंतर बॅटरीचा व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास होता तो १३ च्या वर चढला नाही, तर कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारं यंत्र, चार्ज करत नाही.

वजनाची चिठ्ठीही वाचा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो. ६,००० पौंडांचा ट्रेलर म्हणजे ६०० ते ९०० पौंड, आणि हे तुमच्या गाडीच्या दारावर लिहिलेल्या क्षमतेतून वजा होतात. माणसं आणि सामान त्याच्या वर.

टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर चेसिसवरच्या नंबराशी जुळवून, कर्जाचा बोजा नाही ना बघून मगच पैसे द्या. परतताना पहिल्या वीसेक मैलांवर थांबा. माझे बाबा साताऱ्याला टेम्पो चालवायचे. इथे आले होते तेव्हा गाडी थांबली की आधी उतरायचे आणि तळव्याच्या मागच्या बाजूने प्रत्येक चाकाचा हब चाचपायचे. चारही सारखेच कोमट हवेत, एकच भाजला तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक घासतोय. मग ५० मैलांवर पुन्हा थांबा आणि टॉर्क रेंचने चाकांचे नट आवळून घ्या.