बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा 32वा अध्याय कसा वाचावा

आशेची भविष्यवाणी वाचताना मी आधी विचारते: हे शब्द आले तेव्हा बाहेर काय चाललं होतं? इथे बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, संदेष्टा यिर्मया स्वतः कैदेत आहे. आणि तो आपल्या गावचं, अनाथोथचं शेत विकत घेतो! 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत आपला लेखनिक बारूख याला मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. या व्यवहारापाशी थांबा, घाई करू नका. मला तो कुठल्याही प्रवचनापेक्षा बोलका वाटतो. 15व्या वचनात त्याचा अर्थ आहे: या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. मग 31:31 मधला नवा करार आणि 33:15 मधला दाविदाचा अंकुर, म्हणजे दावीद राजाच्या वंशात येणारा राजा, वाचा. आम्ही ख्रिस्ती तिथे येशूला पाहतो. लूक 22:20 शेजारी उघडून ठेवा, तिथे येशू याच नव्या कराराबद्दल बोलतो.