कडकनाथचा काळा रंग पुढच्या पिढीत कसा टिकवावा

काळ्या पिसांची प्रत्येक कोंबडी कडकनाथ नसते. तुरा लालभडक आणि पाय पिवळे असतील, तर ती काळ्या पिसांची गावरानच समजा. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या या जातीचा काळेपणा कातडी, मांस, जीभ आणि हाडांवरच्या आवरणापर्यंत उतरलेला असतो. याच काळ्या मांसासाठी झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं मात्र तीन तऱ्हेची दिसतात: कुळकुळीत काळी, मानेवर पांढरट रेघा असलेली आणि सोनेरी झाक असलेली. म्हणून पैदाशीचे पक्षी निवडताना पिसांवर विसंबू नका.

१. जोडीची निवड

पक्षी हातात घ्या. चोच उघडून जीभ बघा, पंखाखालची कातडी बघा, पायांची बोटं आणि नखं बघा. मग तब्येत तपासा: डोळे स्वच्छ, छातीचं हाड सरळ, शेपटीखालची पिसं कोरडी. रंग अस्सल पण अंगानं रोड असलेला पक्षी मी पैदाशीला ठेवत नाही, कारण त्याचा अशक्तपणाही पुढं जातो. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

२. रंगाचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. काळेपणा पसरवणारा एक गुण असतो आणि कातडीतला काळेपणा रोखणारा दुसरा. हा रोखणारा गुण फिकट पायांच्या गावरान पक्ष्यांत सापडतो आणि तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो. तलंगीला, म्हणजे तरण्या मादीला, हे गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं, नराला आई आणि बाप दोघांकडून.

त्यामुळे अस्सल कडकनाथ कोंबडा आणि फिकट पायांची गावरान कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या काळ्या निघतात, नर फिके. उलट, गावरान कोंबडा कुंपण ओलांडून कडकनाथ माद्यांत शिरला, तर बहुधा नर-मादी सगळीच पिल्लं फिकी पडतात. यातला पहिला प्रकार जास्त फसवा. त्या काळ्या तलंगा अस्सल म्हणून सहज खपतात, पण काळेपणा पसरवणारा गुण त्यांच्यात फक्त बापाकडून आलेला असतो. पुढं अस्सल कोंबड्याशी जुळवल्यावर पिल्लं काळीच निघतात, पण साधारण निम्म्यांत तो गुण पुन्हा एकाच बाजूनं आलेला असतो, आणि असे दोन पक्षी जुळले की साधारण पाव पिल्लं पांढऱ्या कातडीची निघतात, फार तर पाय सावळे.

दुसरा कोंबडा कळपात फिरला असेल तर त्याला काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवू नका, खायला वापरा. नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

३. अंडी आणि उबवण

अंडी फिकट तपकिरीच असतात. काळ्या अंड्याची गोष्ट कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. उबवायची अंडी धुवू नका, निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा आणि सात दिवसांच्या आत बसवा. कडकनाथ स्वतः फारशी खुडूक होत नाही, म्हणजे अंड्यांवर बसत नाही, म्हणून गावरान खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी द्या. २१ दिवसांनी पिल्लं येतात. त्याच दिवशी पायात रंगीत कडी घालून आई-बाप वहीत लिहा. आठवडाभरानं कुणाचं पिल्लू कुठलं ते आठवत नाही.

४. पिल्लं जगवणं

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३५ अंश ऊब हवी, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करा. पिल्लं दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी पडतेय. दूर पळत असतील तर जास्त होतेय.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आला की कळप काही दिवसांत संपतो. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस, डोळ्यात एक थेंब; चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस; चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा; सहाव्या आठवड्याच्या आसपास देवीची लस; आठव्या आठवड्यात राणीखेतचं इंजेक्शन. तारखा तुमच्या भागातल्या पशुवैद्यकांकडून पक्क्या करून घ्या. लस बर्फात आणा आणि संध्याकाळी गारव्यात टोचा. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

पावसाळ्यात खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते. तूस रोज हलवा, ओला भाग काढून टाका आणि पाण्याची भांडी पायांच्या घाणीपासून उंच ठेवा.

बाजारातून आणलेला पक्षी महिनाभर वेगळ्या खुराड्यात ठेवा, त्याचं पाणी-खाद्य सगळ्यात शेवटी करा. एकदा मी एक देखणा कोंबडा आणला त्याच संध्याकाळी कळपात सोडला आणि पंधरवड्यात अर्ध्याहून जास्त तलंगा गमावल्या. बरेच पक्षी एकाएकी मेले तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा; मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

५. रक्त बदलत ठेवणं

रंगाच्या हव्यासापोटी बाप-लेक, भाऊ-बहीण जुळवत राहिलं की अंडी कमी फळतात आणि पिल्लं मरतुकडी निघतात. कळपाचे तीन गट करा. माद्या आपापल्या गटात राहतील. दरवर्षी पहिल्या गटातले तरुण कोंबडे दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात आणि तिसऱ्यातले पहिल्यात. जागा कमी असेल तर दोन वर्षांनी दुसऱ्या खात्रीच्या कळपातून कोंबडा आणा, आणि आणण्यापूर्वी त्याची जीभ बघा.