जुन्या गिरणीचं ऑफिस करताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सिव्हिल किंवा आर्किटेक्चर संपवून जुन्या इमारतींच्या कामात येऊ पाहणारी मुलं हमखास विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? आधी टेप, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन इमारतीत फिरायला शिका, हे माझं उत्तर त्यांना फारसं रुचत नाही.

मी हे काम लोअर परळला शिकलो. 1982 च्या संपानंतर थंडावलेल्या काही गिरण्यांमधल्या खात्यांची पुढे ऑफिसं, दुकानं, हॉटेलं झाली. बऱ्याच गिरण्या मात्र पडल्याच. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा वाटा पालिका आणि म्हाडाला द्यावा लागे. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या जमिनीपुरती उरली, इमारत पाडून सुटणारी जमीन तिच्यातून वगळली गेली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. इमारत राहणार की जाणार हे बहुतेकदा जमिनीच्या हिशेबावर ठरतं. तुमच्या ड्रॉइंगला तिथे कोणी विचारत नाही.

जी वाचते, तिचे खांब पुष्कळदा बिडाचे (कास्ट आयर्नचे) आणि आतून पोकळ. बीड दाबाला भक्कम, ताणाला आणि धक्क्याला कच्चं. मोडायच्या आधी वाकून इशारा देत नाही. ओतताना आतला गाभा सरकला असेल तर खांबाची जाडी एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी भरते. म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी बारीक भोकं पाडून ती मोजायची. कंत्राटदार ब्रॅकेट वेल्ड करायला उत्साहाने पुढे येईल, त्याला तिथेच थांबवा. गर्डर पोलादी असला तरी त्याचा लॅब रिपोर्ट येईपर्यंत वेल्डिंग नाही.

गर्डरांच्या मधे विटांच्या उथळ कमानी असतात. प्रत्येक कमान शेजारचीला रेटून उभी, आणि शेवटच्या कमानीचा रेटा टाय रॉड, म्हणजे गर्डरांना एकमेकांशी बांधणारी सळई, धरून ठेवतो. नव्या जिन्यासाठी मधलीच कमान आधार न देता काढली, की शेजारच्या सरकायला लागतात. फॉल्स सीलिंगच्या आड येतो म्हणून टाय रॉड कापायला निघालेले महाभागही भेटतील.

वजनाची चिंता त्या मानाने कमी. आयएस 875 हे भारांबद्दलचं भारतीय मानक ऑफिससाठी दर चौरस मीटरला साधारण 2.5 ते 4 किलोन्यूटन भार धरायला सांगतं. जड यंत्रांसाठी बांधलेला मजला, लोखंड शाबूत असेल तर, एवढं सहसा पेलतो. ते शाबूत आहे का, हे गर्डरची टोकं भिंतीत शिरतात तिथलं प्लास्टर काढून पाहा. ओल तिथे मुरते, आणि गंज बाहेरून दिसत नाही.

मालक घरं करायची म्हणाला तर मी आधी इमारतीची रुंदी मोजतो. करवती छपराच्या शेडमध्ये उजेड वरून, उत्तरेकडच्या काचांतून येतो. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना तो उत्तम. घरात मात्र खोलीगणिक खिडकी हवी आणि प्रत्येक फ्लॅटला संडास-बाथरूमचे पाइप. त्यासाठी मधे चौक पाडावा लागतो, म्हणजे पुन्हा त्याच कमानींशी गाठ. माझा कौल ऑफिसला.

गच्ची मात्र विसरू नका. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिल्सच्या आवारात 14 जीव गेले, ती आग गच्चीवरच्या हॉटेलांमधली होती. नकाशात गच्ची रिकामी असते. प्रत्यक्ष वर जाऊन मांडव, गॅस सिलिंडर आणि जिन्यात रचलेलं सामान बघून या.

नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी एक विचारा: सर्व्हे तुमची माणसं करतात की बाहेरून करून घेता? बाहेरून घेत असतील, तर पहिली वर्षं त्या सर्व्हे करणाऱ्यांकडेच काढा.