ब्रेकचे पेडल खाली जात होते

सिग्नलला ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू तळाकडे सरकत असे. बाहेर कुठेही गळती नव्हती आणि ब्रेक ऑइलची पातळीही जागच्या जागी होती, म्हणून सर्व्हिस सेंटरने ‘नॉर्मल आहे’ असे सांगून गाडी परत दिली. ब्रेकच्या बाबतीत असे उत्तर मला मुळीच मान्य नव्हते. ओळखीच्या मेकॅनिकने मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारा भाग) उघडला, तेव्हा आतल्या रबरी सीलची कड झिजून ऑइल आतल्या आत मागे फिरत असल्याचे दिसले. सिलिंडर बदलून, ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढून नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरल्यावर पेडल घट्ट झाले. गाडी ७ वर्षांच्या आतली असल्याने सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रारही नोंदवली, कारण १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचल्या, तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचा, आदेश देऊ शकते.